सांगलीत स्लो-पिच सॉफ्टबॉल सुरू करताय? बॅटच्या आधी चेंडू वाचा

नव्याने खेळायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बॅट कुठली घेऊ?" मी उलट विचारतो, "चेंडू कुठला वापरणार आहात?" समोरचा थोडा गोंधळतो, आणि ते साहजिक आहे. सांगली हे विजय हजारेंचं जन्मगाव. स्मृती मानधना याच गावात लहानाची मोठी झाली. आपला हात क्रिकेटवर बसलेला असतो, आणि क्रिकेटमध्ये बॅट आपली, चेंडू सगळ्यांचा, असा हिशेब असतो. स्लो-पिच सॉफ्टबॉलमध्ये बॅट आणि चेंडू ही जोडी आहे. नियमही जोडी धरूनच लिहिलेले आहेत. ती जोडी चुकली तर सगळ्यात आधी भोगतो तो पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. तीन वर्षांपूर्वी विश्रामबागेकडच्या मैदानावर आमचा रविवारचा सामना चालला होता. नवे चेंडू संपले म्हणून एकाने घरातल्या जुन्या खोक्यातला चेंडू काढला. कोरा करकरीत, टाकेसुद्धा घट्ट. दुसऱ्याच्या हातात परदेशातून आलेली कंपोझिट, म्हणजे कार्बनच्या धाग्यांची पोकळ बॅट होती. तिसऱ्याच फटक्याला चेंडू सरळ परत आला आणि आमच्या पिचरच्या मनगटावर बसला. आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. हाडाला चीर गेली, सहा आठवडे प्लास्टर. संध्याकाळी मी तो चेंडू हातात फिरवून पाहिला. कव्हरवर दोन आकडे स्पष्ट छापलेले होते, आणि बॅटच्या गळ्याशी शिक्का होता. सामन्याआधी दोन्ही वाचायला अर्धा मिनिट पुरला असता. आमच्यापैकी एकानेही ते वाचले नव्हते. पुढचं सगळं त्या अर्ध्या मिनिटासाठी आहे.

आधी पिचरचा हिशेब

शाळेत तुम्ही जे सॉफ्टबॉल खेळलात ते बहुतेक फास्ट-पिच. स्लो-पिचमध्ये चेंडू खालून, हळू आणि उंच कमान करून टाकायचा असतो. अमेरिकेतल्या यूएसए सॉफ्टबॉलच्या नियमात ही कमान जमिनीपासून ६ ते १० फूट उंच असावी लागते. मैदानावर दहा खेळाडू असतात आणि बंट, म्हणजे नुसती बॅट आडवी लावून चेंडू जवळच पाडणं, चालत नाही. आता याचा परिणाम बघा. चेंडू इतका सावकाश येतो की बॅटरला पाय रोवून, नजर बसवून पूर्ण ताकदीचा फटका मारता येतो, तोही प्रत्येक वेळी. फास्ट-पिचमध्ये बॅटरला आवरण्याचं काम पिचरचा वेग करतो. स्लो-पिचमध्ये ते काम साहित्याच्या नियमांवर येऊन पडतं.

बॅटर उभा असतो त्या होमप्लेटपासून पिचर ५० फुटांवर, म्हणजे १५.२४ मीटरवर उभा असतो. यूएसए सॉफ्टबॉलने २००४ पासून बॅटसाठी घातलेली मर्यादा अशी आहे: प्रयोगशाळेच्या ठरलेल्या चाचणीत बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग ताशी ९८ मैलांच्या, म्हणजे साधारण १५८ किलोमीटरच्या वर जाता कामा नये. त्या वेगाने सरळ येणारा चेंडू ५० फूट कापायला सेकंदाच्या एक तृतीयांशाहून जेमतेम जास्त वेळ घेतो, सुमारे ०.३५ सेकंद. तेवढ्यात मास्तरांनी चेंडू पाहायचा, ओळखायचा आणि ग्लोव्ह तोंडासमोर आणायचा. हा वेळ आणखी कमी होऊ नये, एवढ्यासाठी ही आकडेमोड आहे. एकदा हे डोक्यात बसलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

म्हणून पहिली पायरी टेप घेऊन अंतर मोजण्याची. शाळेच्या मैदानावर पिचिंगची खूण आधीच मारलेली असते आणि आपण तीच वापरतो. ती फास्ट-पिचची असते. फास्ट-पिचमध्ये महिलांचं अंतर ४३ फूट आहे, पुरुषांचं ४६ आणि लहान गटांचं त्याहूनही कमी. ४३ फुटांवर उभ्या पिचरला तोच चेंडू ०.३० सेकंदात गाठतो. जुन्या खुणेवर अजिबात विसंबू नका. ५० फुटांवर नवी चुन्याची रेघ मारा.

चेंडूवरचे दोन आकडे

स्लो-पिचचा नेहमीचा चेंडू १२ इंच घेराचा असतो, वजन १७८ ते १९८ ग्रॅम. नाव सॉफ्टबॉल असलं तरी मऊपणाशी त्याचा संबंध नाही. १८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात मंडळींनी मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याने बंद खोलीत खेळ रंगवला, तेव्हा तो खराच मऊ होता. आजच्या चेंडूचा गाभा बहुधा पॉलियुरेथेनचा असतो, वरून चामडं किंवा कृत्रिम कव्हर.

कव्हरवर पहिला आकडा दिसेल तो .५२, .४४ किंवा .४० असा. ही उसळी. ताशी ६० मैलांनी चेंडू सपाट, कठीण पाट्यावर मारतात आणि परत येतानाचा वेग मोजतात. .५२ चा चेंडू ३१ मैलांनी परत येतो, .४४ चा साधारण २६ मैलांनी, .४० चा २४ मैलांनी.

दुसरा आकडा ३००, ३२५, ३७५ असा असतो. हा कठीणपणा. दोन लोखंडी पाट्यांमध्ये चेंडू धरून तो पाव इंच दाबायला किती पौंड जोर लागतो, ते हा आकडा सांगतो. आपल्या मापात बघू. साखरेचं ५० किलोचं पोतं डोळ्यांसमोर आणा. ३०० चा चेंडू पाव इंच चेपायला पावणेतीन पोत्यांचं वजन लागतं. ३७५ च्या चेंडूला जवळजवळ साडेतीन पोती लागतात. दुकानात अंगठ्याने दाबून "हा मऊ आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. अंगठ्याला कळण्यासारखा हा फरक नाही.

हे दोन गुण वेगवेगळे आहेत, आणि नवखा माणूस नेमका इथेच फसतो. ".५२ म्हणजे जास्त उसळीचा, म्हणून जास्त धोक्याचा," असं तो धरून चालतो. लाकडी बॅटच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. कंपोझिट बॅट हातात आली की उसळीपेक्षा कठीणपणाचा आकडा जास्त बोलतो. ते का, हे बॅटच्या पोटात शिरल्याशिवाय कळणार नाही.

फरशी आणि बाज

क्रिकेटने हा प्रश्न फार पूर्वी एका वाक्यात मिटवला. १९७९ च्या डिसेंबरमध्ये पर्थ कसोटीत डेनिस लिली अ‍ॅल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, मोठा वाद झाला, आणि पुढच्या वर्षीच्या नियमावलीत बॅटचं पातं लाकडाचंच हवं असं आलं. सॉफ्टबॉलने धातूला दार उघडं ठेवलं, मागून कंपोझिट आलं, आणि मग प्रत्येक बॅट मोजत बसण्याची जबाबदारी अंगावर आली.

भरीव लाकडी बॅट ही शहाबादी फरशीसारखी. तिच्यावर आदळल्यावर फरशी वाकत नाही, चेंडूच चेपतो आणि चेपताना त्याची बरीच शक्ती उष्णतेत जाते. पोकळ, पातळ भिंतीची बॅट ही ताणून विणलेल्या नवारीच्या बाजेसारखी. चेंडू लागला की भिंत आत जाते, शक्ती साठवते आणि लगेच बाहेर येऊन ती चेंडूला परत देते. चेंडूला स्वतःला कमी चेपावं लागतं, म्हणून नुकसान कमी आणि वेग जास्त.

आता या बाजेवर दोन गोष्टी टाकून बघा. घडी केलेली वाकळ टाकली तर बाज फारशी वाकत नाही, वाकळच बसते. तेवढ्याच वजनाचा दगड टाका, बाज खोल जाते आणि त्याला उडवते. ३७५ चा चेंडू म्हणजे दगड आणि ३०० चा म्हणजे वाकळ, असं ढोबळ मानाने धरा. कठीण चेंडू बॅटच्या भिंतीला जास्त वाकवतो, म्हणून बॅट त्याला जास्त वेगाने परत फेकते, आणि स्वतः लवकर तडकतेही.

यूएसए सॉफ्टबॉल पूर्वीच्या .४४/३७५ कडून .५२/३०० कडे वळली, त्यामागचं शहाणपण यातून दिसतं. चेंडूला स्वतःची उसळी वाढवून दिली, पण त्याला मऊ केलं. त्यामुळे भारी बॅट आणि साधी बॅट यांच्यातलं अंतर घटलं, आणि ज्याच्या खिशात पैसे जास्त त्याचाच चेंडू लांब जाणार, ही गोष्ट कमी झाली. मला हा बदल मनापासून पटतो. नव्याने उभ्या राहणाऱ्या गटाने .५२/३०० च घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

त्या रविवारी काय झालं तेही आता सांगता येईल. खोक्यातला चेंडू .४४/३७५ होता. बॅट मात्र मऊ चेंडूच्या खेळासाठी बनवलेली होती.

बॅटचा शिक्का

बॅटवर मूठ संपून बॅरल, म्हणजे फुगीर भाग, सुरू होतो तिथे शिक्का छापलेला असतो. यूएसए सॉफ्टबॉलचं नाव पूर्वी एएसए होतं, त्यामुळे जुन्या बॅटवर एएसए २०००, २००४ किंवा २०१३ असे शिक्के दिसतात. यूएसएसएसए ही दुसरी मोठी अमेरिकी संघटना. तिच्या जुन्या शिक्क्यावर १.२० हा आकडा असे. कठीण भिंतीवर चेंडू जितका उसळतो त्यापेक्षा बॅटवर तो किती जास्त उसळतो, याचं हे गुणोत्तर आहे. १.२० म्हणजे भिंतीपेक्षा वीस टक्के जास्त. यूएसएसएसएच्या सामन्यांत .४०/३२५ सारखे कमी उसळीचे चेंडू चालतात. बॅटला सूट जास्त, चेंडूला कमी. म्हणजे तिथेही जोडीच आहे. तीच बॅट .४४/३७५ च्या चेंडूशी जुळवली की जोडीचा तोल जातो.

तिसरा शिक्का खास लक्षात ठेवा: १.२१, ज्येष्ठांसाठीचा. अमेरिकेत सीनियर सॉफ्टबॉलमध्ये वय झालेल्या खेळाडूंना थोडी जास्त गरम, म्हणजे चेंडू जास्त वेगाने फेकणारी बॅट दिली जाते. कुणाचा मामा किंवा दीर तिकडून येताना "भारीतली" म्हणून नेमकी हीच घेऊन येतो. पंचविशीतल्या पोराच्या हातात ती देऊ नका, सरावातसुद्धा नाही.

शिक्का आहे म्हणजे बॅट चालेलच असंही नाही. शिक्का मिळाल्यावर चाचणीत नापास झालेल्या बॅटची बंदीयादी संघटना प्रसिद्ध करतात. स्पर्धा ज्या संघटनेच्या नियमांनी होणार तिची मान्य यादी आणि बंदीयादी दोन्ही बघा. जागतिक संघटना डब्ल्यूबीएससी हिचीही मान्य बॅटची यादी आहे. बॅटचं मॉडेल त्या यादीत अक्षर न् अक्षर जुळायला हवं. एका अक्षराच्या फरकाने बॅट वेगळी असते.

कुपवाडातली कडी

मापं सरळ आहेत. लांबी जास्तीत जास्त ३४ इंच, जाडी सव्वादोन इंच, वजन ३८ औंस म्हणजे १,०७७ ग्रॅम. मुठीची पकड किमान १० इंच, आणि ती खालच्या टोकापासून १५ इंचांच्या पुढे जाता कामा नये. मुठीच्या टोकाला नॉब, म्हणजे हात अडवणारा जाड गोल कठडा, हवाच. तो नसला तर घामाने ओला झालेल्या हातातून बॅट सुटते आणि समोरच्याच्या अंगावर जाते.

जाडी डोळ्याने कळत नाही. पंचांकडे त्यासाठी कडी असते. आम्ही आमची कडी कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून करून घेतली. सव्वादोन इंच म्हणजे ५७.१५ मिलिमीटर. वापरून बॅट किंचित फुगते, म्हणून जुन्या नियमपुस्तिकेत इंचाच्या एक बत्तिसांश, ०.८ मिलिमीटरची, सवलत आहे. दोन्ही मिळून कडीचं आतलं भोक ५८ मिलिमीटर धरलं. अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा, आतली कड कानशीने घासून गुळगुळीत, म्हणजे बॅटवर ओरखडा उठत नाही. बॅट उभी धरायची, टोकाकडून कडी सोडायची. ती आपल्या वजनाने खाली सरकत मुठीपर्यंत आली तर बॅट मापात. कुठे अडली तर खडूने तिथे खूण करायची. बाहेरून दुकानातून "बेसबॉल बॅट" म्हणून आणलेल्या बऱ्याच बॅटा इथेच अडकतात, कारण बेसबॉलची बॅट दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंचापर्यंत जाड असते. आणि स्लो-पिचची चांगली बॅट नवी असताना कडीतून गेली, दोन वर्षांनी एकाच जागी अडली, तर ती आतून सुटलेली आहे. ती बाजूला ठेवा.

लेथवाल्याकडे गेलात की आणखी एक गोष्ट कुणीतरी सुचवील. बॅटची वरची टोपी काढून आतली भिंत थोडी पातळ करून देतो म्हणेल, किंवा दोन रुळांमध्ये दाबून बॅट "मोकळी" करून देतो म्हणेल. काम त्याला सोपं आहे, तासाभराचं. करू नका, करू देऊ नका. अशा बॅटवरून चेंडू किती वेगाने जाईल याला कसलीही मर्यादा उरत नाही, आणि समोर ५० फुटांवर आपलाच माणूस उभा असतो. शिक्षाही दोन पातळ्यांची आहे. नियमात न बसणारी बॅट घेऊन बॅटर खेळायला उभा राहिला तर तो बाद. बॅटमध्ये फेरफार केलेला निघाला तर तो बाद आणि सामन्यातूनही बाहेर. आवडीचा रंग मारणं हासुद्धा फेरफारच धरला जातो. पकडीची टेप बदलायला मात्र हरकत नाही.

कुठली बॅट घ्यायची

पहिल्या वर्षी अ‍ॅल्युमिनियमची, एकाच भिंतीची. ती पहिल्या दिवशी जशी तशीच शेवटच्या दिवशी. पोचे पडले की डोळ्याला दिसतात. वजन ७४० ते ८५० ग्रॅमच्या दरम्यान पुरतं. दुकानात बॅट नुसती उचलून वजन ठरवू नका, दहा वेळा हवेत फिरवा. वजन टोकाकडे असलेली बॅट उचलताना हलकी वाटली तरी फिरवताना ओढते. नव्या खेळाडूने समतोल वजनाची घ्यावी. क्रिकेटवाले सरळ बॅटने मारायची सवय घेऊन येतात, त्यांना टोकाकडे जड बॅट पहिले सहा महिने तरी दमवते.

शाळेतली फास्ट-पिचची बॅट सरावाला चालेल. उलट मात्र करू नका. स्लो-पिचची कंपोझिट बॅट फास्ट-पिचच्या वेगवान चेंडूवर वापरली तर तडकते. आणि लेदरचा क्रिकेट चेंडू कुठल्याही सॉफ्टबॉल बॅटने मारायचा नाही. आपल्याकडे सामना संपल्यावर पोरं हमखास हेच करतात. तो चेंडू लहान आणि फार कठीण असतो, सगळा मार बॅटच्या एका बिंदूवर बसतो.

कंपोझिट घेतलीच तर तिला रुळायला वेळ द्या. कार्बनच्या धाग्यांचे थर राळेत बसवलेले असतात. खेळून खेळून राळेत बारीक चिरा पडतात, भिंत सैल होते आणि बॅट तापत जाते. म्हणून नवी बॅट पहिले दीड-दोनशे फटके सरावाच्याच चेंडूवर, अर्ध्या-पाऊण जोराने मारा आणि दर फटक्याला पाव वळसा फिरवत राहा. सगळीकडून सारखी खुलते. पुढे आवाजाकडे कान ठेवा. मिरजेत सतारीसाठी भोपळा निवडणारा कारागीर टिचकी मारून आत काय आहे ते ओळखतो. तसंच इथे. बॅरलवर बोटांच्या पेराने टकटक करत वरून खाली या. आवाज भरीव, सगळीकडे सारखा हवा. एके ठिकाणी बद्द झाला, किंवा बॅट हलवल्यावर आत काही खुळखुळलं, तर तिथे थर सुटलेले आहेत. अशी बॅट तडकायच्या आधी काही दिवस फार लांब मारते. त्याच दिवसांत ती हातातून सोडवत नाही आणि त्याच दिवसांत ती सगळ्यात धोक्याची असते.

सांगलीचं ऊन, कृष्णेची हवा

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि गाडीच्या डिकीतलं किट भट्टीत राहतं. तापलेला चेंडू मऊ पडतो. त्याच चेंडूने सकाळी सातला आणि दुपारी बाराला खेळून बघा, फटक्याचा आवाजसुद्धा वेगळा येतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उलट. नदीकाठी पारा १५ अंशांच्या खाली उतरतो, चेंडू दगडासारखा होतो आणि कंपोझिट बॅट तडकण्याची भीती वाढते. बॅट बनवणारे साधारण १५-१६ अंशांखाली कंपोझिट वापरू नका असं सांगतात. त्या दिवसांत आम्ही पहिला तासभर अ‍ॅल्युमिनियमच वापरतो, ऊन वर आलं की मग दुसरी बॅट काढतो.

पावसाळ्याचा त्रास लक्षात येत नाही, पण होतो. पॉलियुरेथेनचा गाभा हवेतली ओल धरतो आणि मऊ होत जातो. जुलै-ऑगस्टमध्ये चेंडू झाकण घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात ठेवा, घरात, जमिनीपासून वर. ओल्या व्हरांड्यात टांगलेल्या किटच्या पिशवीतला चेंडू दसऱ्याला काढाल तेव्हा त्याच्यावरचा ३०० हा आकडा नुसता छापलेला असेल, चेंडू तसा राहिलेला नसेल.

घरच्या घरी चेंडू तपासायचा असला तर एक साधी रीत आहे. भिंतीवर दोन मीटरपर्यंत खडूने खुणा करा, कडक फरशीवर चेंडू सोडा आणि मोबाईलवर संथ गतीचं चित्रण घ्या. नवा चेंडू आणि जुना चेंडू शेजारी शेजारी. यातून प्रयोगशाळेचा आकडा मिळत नाही, कारण हाताने सोडलेल्या चेंडूचा वेग फार कमी असतो. पण एका खोक्यातल्या सहा चेंडूंत एखादा वेगळा वागतोय का, ते लगेच दिसतं. तो सामन्यात न वापरता सरावाला ठेवायचा.

मिश्र सामन्यात

स्त्री-पुरुष मिळून खेळत असाल तर अमेरिकी नियमात पुरुष बॅटरला १२ इंचांचा आणि स्त्री बॅटरला ११ इंचांचा चेंडू असतो. लहान चेंडू वजनाला १६७ ते १७४ ग्रॅम, म्हणजे हलका. दोन्ही पिवळेच, लाल टाक्यांचे, आणि घाईत अदलाबदल होतेच. पंचांच्या एका बाजूच्या खिशात १२, दुसऱ्या बाजूच्या खिशात ११, असं आधीच ठरवा. बॅटर बदलला की पंचांनी चेंडूचा आकार मोठ्याने म्हणायचा. आमच्याकडच्या एका ताईंनी ही सवय लावली, तेव्हापासून घोळ झालेला नाही.

सामन्याच्या सकाळी

दोन्ही संघांचे कर्णधार आणि पंच अर्धा तास आधी. सगळ्या बॅटा एका सतरंजीवर ओळीने मांडायच्या, मग प्रत्येकीचा शिक्का, कडी, टकटक, नॉब, टोपी घट्ट आहे का, पकड सुटली आहे का, हे बघायचं. पास झालेल्या बॅटच्या मुठीवर त्या दिवसाच्या रंगाची टेप. टेप नसलेली बॅट खेळात येणार नाही. चेंडूंवरचे आकडे पंचांनी मोठ्याने वाचायचे आणि दोन्ही कर्णधारांनी ऐकायचे. एका सामन्यात एकाच आकड्यांचे चेंडू. कमी पडले तर खोक्यातला जुना काढायचा नाही, सामना थांबला तरी चालेल.

पिचरच्या तोंडावर मुखवटा हवा, मग तो कितीही जुना खेळाडू असो. पायाला पॅड असतील तर उत्तम. चेंडू हातातून सुटला की पिचर क्षेत्ररक्षकच असतो, त्याने तिथेच उभं राहायचं नाही. लगेच दोन-तीन पावलं मागे, ग्लोव्ह छातीशी. नव्या पिचरला आम्ही हे चेंडूशिवाय शिकवतो. टाक, मागे, ग्लोव्ह. पन्नास वेळा. मास्तर आता पुन्हा टाकतात आणि नव्या पोरांकडून ही कवायत तेच करून घेतात. कडीही त्यांच्याच पिशवीत असते.